डबीतला कापूस

नागपुरात एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर बसून एक बाई आपल्या गोळ्यांची डबी उघडत होती. महिन्याच्या तीस गोळ्या, रोज रात्री एक. पहिल्या एसटीने गावाहून आलेली, परतीच्या गाडीला तासभर अवकाश. तिने डबीवरचा कागद नखाने सोलून काढला, चुरगाळून पिशवीत टाकला. मग त्याच पिशवीतून कापसाचा बोळा काढून गोळ्यांवर दाबून बसवला, झाकण लावलं आणि डबी कानाजवळ नेऊन हलवून पाहिली. कापूस कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "गाडीत डबी वाजते न जी. मंग बाजूचा विचारते, कायच्या गोळ्या हायेत."

एड्सच्या प्रश्नाचा आढावा घ्यायला बसलं की आकडे, योजना आणि औषधांची नावं यांचा ढीग समोर येतो. त्या ढिगाखाली हा कापूस दबून जाऊ नये, म्हणून तो आधी सांगितला. गेल्या चाळीस वर्षांत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी या साथीशी जी झुंज दिली, तिच्याकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रुग्णाला लपावं लागलं नाही तिथे साथ ओसरली, आणि त्याला लपायला भाग पाडलं तिथे ती वाढली. औषध, पैसा, कायदा हे सगळं लागतंच. पण माणूस उजेडात येऊ शकला तरच ते त्याच्यापर्यंत पोहोचतं.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, आणि त्या एका वर्षात सुमारे ६ लाख ३० हजार माणसं एड्सशी निगडित आजारांनी गेली. २००४ साली, म्हणजे मृत्यूंच्या शिखरावर, हाच आकडा २१ लाखांच्या घरात होता. भारतात २०२३ च्या अंदाजानुसार २५ लाख ४४ हजार लोक एचआयव्हीसह जगतात, आणि त्यांतले जवळपास चार लाख एकट्या महाराष्ट्रात आहेत. इतर कुठल्याही राज्यात ही संख्या एवढी नाही. २०१० च्या तुलनेत देशातली नवी लागण ४४ टक्क्यांनी घटली, मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. तरीही २०२३ मध्ये ३५,८७० माणसं गेली. दिवसाला जवळपास शंभर. हे मृत्यू टाळता येण्याजोगे होते, कारण औषध आहे आणि ते फुकट आहे.

एकेकाळी यापेक्षा कितीतरी भयंकर भाकितं केली जात होती. २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर खात्याच्या एका अहवालाने २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी बाधित असतील असा अंदाज बांधला होता. तसं झालं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरचे रक्तनमुने तपासले गेले, पाहणी केंद्रं वाढली, आणि २००७ च्या जुलैमध्ये देशाचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून एकदम पंचवीस लाखांवर आला. काहींनी त्यातून साथ नुसती फुगवून सांगितली गेली होती, असा अर्थ काढला. तो चुकीचा आहे. मोजणी सुधारली हे खरं, आणि मधल्या काळात काम झालं हेही तितकंच खरं.

सुरुवात मात्र भीतीने झाली. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, ते वेल्लोरला तपासले गेले आणि भारतात हा विषाणू आल्याचं सिद्ध झालं. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. ईश्वर गिलाडा यांनी एड्ससाठी स्वतंत्र दवाखाना सुरू केला. पण 'हा आजार वाईट चालीच्या लोकांचा' ही समजूत डॉक्टरांच्या आधी समाजात पोहोचली होती.

त्या समजुतीने काय केलं, ते पाहायला गोव्याकडे जावं लागतं. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदान करणाऱ्या तरुणाला पोलिसांनी उचललं. तो एचआयव्हीबाधित आहे हेही त्याला धड सांगितलं नव्हतं. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे त्याला म्हापशाला एका जुन्या क्षयरुग्णालयात पोलिसांच्या पहाऱ्यात एकटं ठेवण्यात आलं. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली, आणि ६४ दिवसांनी तो बाहेर आला. रक्त देणारा, स्वतःहून उजेडात असलेला माणूस कोंडला गेला, आणि त्यावरून बाकी सगळ्यांनी जो धडा घ्यायचा तो घेतला : तपासणीच्या वाटेला जायचं नाही. डॉमिनिकने पुढे पॉझिटिव्ह लोकांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये तो गेला.

त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाने अलग ठेवण्याचा तो कायदा उचलून धरला होता. दशक उलटायच्या आत, १९९७ मध्ये, त्याच न्यायालयाने वेगळी दिशा दाखवली. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला फक्त एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढलं होतं. अंगात काम करण्याची ताकद आहे आणि इतरांना धोका नाही, तर रोजगार नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. शिवाय त्या कामगाराला नाव न उघड करता खटला लढू दिला. न्याय मागायचा तर आधी गावभर नाव झालं पाहिजे, ही अट निघून गेली. मला तो भाग निकालाइतकाच मोलाचा वाटतो.

लागण रोखण्याच्या कामात जगाने जे शिकून घेतलं, त्याची उदाहरणं विकसनशील देशांतूनच आली. थायलंडने १९९१ पासून देहविक्रीच्या ठिकाणी शंभर टक्के कंडोमचा आग्रह देशभर धरला, तेव्हा तिथे वर्षाला १ लाख ४० हजारांवर नव्या लागणी होत होत्या. २००३ पर्यंत त्या वीस हजारांच्या आत आल्या. कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून वस्तीतल्या स्त्रियांनाच आरोग्यकार्यकर्त्या केलं. आपल्याकडे सांगलीत मीना सेषू यांच्या 'संग्राम'ने तोच विश्वास दाखवला, आणि १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. सगळीकडे सूत्र एकच होतं : ज्या बाईला आजवर 'साथीचं कारण' म्हणून पाहिलं, तिलाच साथ रोखणारी म्हणून कामाला लावा. कंडोम वाटणं कठीण नव्हतं. गिऱ्हाईक नकार देतं तेव्हा सगळ्या वस्तीने मिळून त्याला परत पाठवणं कठीण होतं, आणि ते संघटनेमुळे जमलं.

नागपूरला हे काम का लागलं, ते नकाशाच सांगतो. देशाचा झिरो माइल इथे आहे. काश्मीर-कन्याकुमारी आणि सुरत-कोलकाता हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या पट्ट्यात दिवसरात्र ट्रक लागलेले असतात. आठवडेच्या आठवडे घराबाहेर असलेले ड्रायव्हर-क्लीनर, खाणींवर आणि वीटभट्ट्यांवर येणारे मजूर, आणि इतवारीला लागून असलेली गंगाजमुना ही जुनी वस्ती. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या 'आवाहन' प्रकल्पाने महाराष्ट्रासह सहा राज्यांत आणि महामार्गांवर काम सुरू केलं, आणि ते पुढे सरकारने आपल्याकडे घेतलं. ट्रकचालकांमधलं काम मी पाहिलं आहे. कार्यकर्ता सुरुवात कधीच एड्सने करत नाही. आधी डोळे तपासायचे, बीपी पाहायचं, कंबरदुखीची विचारपूस करायची. ड्रायव्हर बसला, चहा झाला, की मग 'लघवीला जळजळ होते का' असा प्रश्न. त्या प्रश्नापाशी येईपर्यंत समोरच्याची मान खाली गेलेली नसते. एवढ्यासाठीच तो सगळा खटाटोप.

समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथीयांमध्ये नागपुरात 'सारथी ट्रस्ट'ने काम उभं केलं. २०१८ पर्यंत या माणसांच्या डोक्यावर कलम ३७७ ची टांगती तलवार होती. स्वतःची ओळखच गुन्हा ठरत असेल, तर तपासणीच्या टेबलापर्यंत कोण येईल?

म्हणूनच २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी गंगाजमुना वस्तीत व्यवसाय बंद पाडून रस्ते अडवले, तेव्हा आरोग्याच्या कामातल्यांना काळजी वाटली. अल्पवयीन मुलींना या धंद्यात ढकलणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण स्वेच्छेने राहणाऱ्या प्रौढ स्त्रिया शहरभर पांगल्या, तर त्यांच्यासोबत त्यांची तपासणी, त्यांच्या गोळ्या आणि त्यांचा कार्यकर्तीवरचा विश्वासही पांगतो. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देहविक्री करणाऱ्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचं पुन्हा बजावलं. आरोग्याच्या नजरेतूनही तोच मार्ग शहाणपणाचा आहे.

आता घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. तिथले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुप्तरोगांच्या दवाखान्यात आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या स्त्रियांपैकी जवळपास १४ टक्के बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. मंगळसूत्र हे संरक्षण नाही, हे त्या आकड्यांनी स्वच्छ सांगितलं. विदर्भातल्या गावांत यानंतरची गोष्ट ठरलेली असायची. नवरा आधी गेला, बाईवर 'तिनेच खाल्लं' असा ठपका आला, वाट्याची जमीन दिरांच्या नावावर गेली. नवऱ्याने लपवलं, आणि त्याची शिक्षा तिने भोगली.

१९९६ च्या सुमारास तीन औषधांचं एकत्रित उपचारतंत्र आलं आणि श्रीमंत देशांत मरणपंथाला लागलेली माणसं उठून कामावर जाऊ लागली. हा विषाणू शरीराच्या संरक्षक पेशींत, ज्यांना सीडी-४ म्हणतात, शिरून स्वतःच्या प्रती काढतो. एकच औषध दिलं तर रूप बदलून तो त्यातून निसटतो; तीन वाटा एकाच वेळी अडवल्या की त्याची वाढ थांबते. पण वर्षाचा खर्च होता माणशी दहा ते बारा हजार डॉलर. गरीब देशांना जगातले जाणकार तेव्हा उघडपणे सांगत होते की उपचार तुम्हाला परवडणार नाहीत, तुम्ही फक्त प्रतिबंध करा.

ब्राझीलने ते ऐकलं नाही. १९९६ मध्ये कायदा करून त्यांनी औषधं मोफत दिली. दक्षिण आफ्रिकेत औषधकंपन्यांनी सरकारला कोर्टात खेचलं आणि लोकांच्या संतापापुढे २००१ च्या एप्रिलमध्ये खटला मागे घेतला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या 'सिप्ला'चे युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की तिन्ही औषधं वर्षाला माणशी ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला डॉलरभर. हे शक्य झालं ते भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट मिळत होतं, औषधाला नाही. २००५ मध्ये कायदा बदलला, तरी त्यातल्या पळवाटा बंद करणाऱ्या तरतुदींचा आधार घेऊन पॉझिटिव्ह लोकांच्या संघटना लढत राहिल्या. टेनोफोविर या महत्त्वाच्या औषधावरचा पेटंटचा दावा २००९ मध्ये भारतात फेटाळला गेला. आज तीन औषधांची एकच गोळी वर्षाला ४५ डॉलरच्या आत तयार होते. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत जी गोळी पोहोचली, ती बहुतांशी भारतात बनलेली आहे. ही आपल्या देशाने जगाला दिलेली फार मोठी भेट आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला जागा असायला हवी.

औषध स्वस्त झालं तरी नकार किती महाग पडतो, तेही दक्षिण आफ्रिकेने दाखवलं. राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या सरकारने विषाणूच्या भूमिकेवरच शंका घेतली, उपचार लांबवले. हार्वर्डच्या अभ्यासकांच्या अंदाजाने त्यात तीन लाखांहून अधिक जीव गेले.

भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. पुढे नागपूरच्या मेडिकल कॉलेजसह जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रं निघाली. सुरुवातीला सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत, म्हणजे माणूस पुरता खचल्यावर. २०१७ पासून तपासणीत बाधा दिसली की लगेच उपचार, असं धोरण आलं. त्यामागे २०११ चा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास होता, ज्यात पुण्याची संस्थाही सामील होती. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. आज हे पक्कं झालं आहे की नियमित गोळ्यांनी ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला, त्याच्यापासून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलं पाहिजे. ज्या माणसाला आपण विषासारखं टाळत आलो, तो गोळ्या घेत असेल तर त्याच्यापासून भय नाही.

आईकडून बाळाला होणारी लागणही अशीच आवाक्यात आली आहे. काहीच केलं नाही तर ती शंभरांत १५ ते ४५ बाळांना होते. आईला वेळेत उपचार मिळाले तर पाचाच्या खाली येते. त्यासाठी प्रत्येक गरोदर बाईची तपासणी लवकर व्हायला हवी, आणि बाळंतपणाला माहेरी गेली तरी गोळ्या तिच्यासोबत जायला हव्यात. हे साधण्याआधी जन्मलेल्या मुलांना पंढरपूरला मंगलताई शहा यांच्या 'पालवी'ने आणि लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांच्या 'सेवालया'ने जवळ केलं. गावाने शाळेत बसू न दिलेली मुलं तिथे वाढली, शिकली.

रक्तातून होणाऱ्या लागणीचा विषय नागपूरसाठी विशेष जिव्हाळ्याचा आहे. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमियाची मुलं पुष्कळ. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांची घडी बसवायला लावली, १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. तरीही २०२२ च्या मे महिन्यात नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं एचआयव्हीबाधित आढळल्याची आणि त्यांतलं एक दगावल्याची बातमी आली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली, राज्य सरकारला नोटीस काढली. लागण झाल्यावर नेहमीच्या एलायझा चाचणीत ती दिसायला साधारण तीन आठवडे लागू शकतात. नॅट ही विषाणूची जनुकंच शोधणारी चाचणी ते अंतर दहा-अकरा दिवसांवर आणते, पण ती महाग आहे आणि देशभर सक्तीची नाही. ज्या मुलाला आयुष्यभरात शेकडो पिशव्या रक्त लागणार आहे, त्याच्यासाठी तरी ती प्रत्येक पिशवीची झालीच पाहिजे. पैशाची अडचण सांगून हा प्रश्न टाळता येत नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव उघड करायचं नाही, नोकरी, शाळा, भाड्याचं घर, विमा आणि उपचार यांत भेदभाव करायचा नाही, तक्रारीसाठी राज्यात लोकपाल. कायदा चांगला आहे. पण माझ्या ओळखीच्या एका माणसाची हर्नियाची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात ठरली होती. रक्ताचा अहवाल आला आणि संध्याकाळी 'यंत्र बिघडलंय, दुसरीकडे पाहा' असा निरोप मिळाला. असा कायदा आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तक्रार केली नाही, कारण तक्रारीवर नाव लिहावं लागलं असतं.

मग आज आपण कुठे उभे आहोत? २०३० पर्यंत ९५-९५-९५ चं लक्ष्य आहे : बाधितांपैकी ९५ टक्क्यांना बाधा माहीत असावी, त्यांतले ९५ टक्के उपचारांवर असावेत, त्यांतल्या ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा. भारत २०२३-२४ मध्ये ८१-८८-९७ वर होता. शेवटचा आकडा नीट पाहा. जो केंद्रापर्यंत आला आणि टिकला, त्याच्यात आपली सरकारी व्यवस्था यशस्वी होते, मेडिकल-मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांच्या गर्दीतही होते. कमी पडतो तो पहिला आकडा. पावणेपाच लाखांहून अधिक माणसांना स्वतःची बाधाच माहीत नाही. त्यांतले कित्येक क्षयाने खंगून दाखल होतील तेव्हाच कळेल, कारण आपल्याकडे एचआयव्ही असलेल्यांचा सर्वांत मोठा वैरी आजही क्षयरोग आहे.

पैशाची बाजूही बदलते आहे. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखली आणि आफ्रिकेतले दवाखाने बंद पडू लागले. भारताचा २०२१ ते २०२६ चा कार्यक्रम १५,४७१ कोटींचा, आणि तो केंद्र सरकारच्या पैशावर आखलेला. हे स्वावलंबन जपलं पाहिजे. दुसरीकडे, वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर हे प्रतिबंधक इंजेक्शन आलं आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडात ते घेतलेल्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. २०२७ पासून हैदराबादच्या कंपन्या ते वर्षाला चाळीस डॉलरच्या आसपास पुरवणार आहेत. सहा महिन्यांतून एकदा टोचून घ्यायचं, घरी डबी न्यायची गरज नाही. पण ते टोचून घ्यायलाही आधी कोणासमोर तरी 'मला धोका आहे' असं म्हणावं लागेल.

समुपदेशक त्या बाईला कापूस काढून टाक असं सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिच्या गावात तिला राहायचं आहे, त्यांना नाही. गोळी रोज पोटात जाते आहे, विषाणू दबलेला आहे, पोरगी कॉलेजात आहे. तिच्या बाजूने तिने सगळं केलं आहे. उरलेलं काम एसटीत तिच्या बाजूच्या सीटवर बसलेल्याचं आहे. तिने कधीतरी कापूस न घालता डबी पिशवीत ठेवली, ती वाजली, त्याने विचारलं आणि तिने खरं सांगितलं, तर त्याने फक्त आपल्या जागेवर बसून राहायचं आहे. ती सीट आपलीच आहे.